खाल्लं किती वाजता, पित्त उठलं किती वाजता?

मागच्या अंकात खाण्याच्या ॲलर्जीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांना लॅबच्या रिपोर्टची झेरॉक्स टाचलेली आहे, कुणी तर तीन-तीन पानं जोडलीत, पण काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्यानंतर किती वेळानी काय झालं हे मात्र मोजून चार जणांनी लिहिलंय. मला आधी हवं असतं ते हेच. रिपोर्ट नंतर बघू.

दुसरं असं की आपल्या मराठीत "बाधतं" हा एकच शब्द सगळ्याला चालतो. पोटात गॅस झाला तरी बाधलं, जळजळलं तरी बाधलं, घसा आवळून आला तरी बाधलंच. आणि "पित्त" तर विचारू नका, छातीत जळजळ झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, त्यामुळे माझ्याकडे आलेल्या एक बाई अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी आठ महिने ॲसिडिटीची गोळी घेत होत्या! म्हणून ह्या पानापुरतं पित्त म्हणजे अंगावरचं, लालसर, फुगीर, खाजणारं. चला, प्रश्नांकडे वळू.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. कोपरात आणि गुडघ्यामागे सारखं पुरळ आणि खाज असते म्हणून ब्लड टेस्ट केली तर ३८ गोष्टी पॉझिटिव्ह आल्या, दूध अंडं गहू सोया टोमॅटो केळं सगळंच. लिस्टप्रमाणे चार महिने सगळं बंद केलंय. पुरळ आहे तसंच आहे, वजन मात्र दीड किलोनी उतरलंय. आता खायला देऊ तरी काय?
— एक आई

ताई, तुमचं पत्र मुद्दाम पहिलं घेतलंय कारण अशी सात पत्रं आहेत.

टेस्ट व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत ती दूध, अंडं, ब्रेड सगळं खात होती ना? आणि दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, उलटी झाली, असं एकदाही झालं नाही? तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही आणि आईच्या नजरेतून ते सुटत नाही, म्हणून मी धरून चालते की झालं नाही. मग त्या ३८ पैकी बहुतेक सगळ्या नावांना काही अर्थ नाही.

तुम्ही जोडलेल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "आयजीजी" लिहिलंय. आयजीजी ही अँटिबॉडी, म्हणजे बाहेरून आलेली वस्तू ओळखायला शरीर बनवतं ते प्रोटीन, आपण जे जे खातो त्याच्याविरुद्ध कुणाच्याही रक्तात थोडीफार असतेच, आणि जे रोज खातो त्याची जास्त. म्हणजे ती हजेरीपटावरची सही आहे, तक्रार नव्हे. तुमच्या मुलीचं दूध, गहू, अंडं "हाय" आलं कारण ती दूध, गहू आणि अंडं भरपूर खात होती, एवढाच त्याचा अर्थ. युरोप, अमेरिका, कॅनडा तिन्हीकडच्या ॲलर्जी डॉक्टरांच्या संघटनांनी खाण्याची ॲलर्जी ओळखायला ही टेस्ट वापरू नका असं लेखी सांगितलंय, तरी ती विकली जाते, कारण लांबलचक लिस्ट हातात आली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

खऱ्या ॲलर्जीत काम करते ती वेगळी अँटिबॉडी, आयजीई. तिचा शोध कसा लागला ते सांगायचा मोह आवरत नाही. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते, त्यातल्या क्युस्टनरना माशांची ॲलर्जी, शिजवलेला मासा खाल्ला की अंगभर गांधी. तर त्यांच्या रक्तातलं सीरम काढून प्राउस्निट्झनी स्वतःच्याच पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झना मासे अगदी व्यवस्थित चालायचे, पण तेवढ्या एका जागी गांधी उठली! म्हणजे रक्तातलं काहीतरी एका माणसातून दुसऱ्यात गेलं होतं. ते काय हे कळायला १९६० चं दशक संपत आलं, इशिझाका पती-पत्नी अमेरिकेत आणि एक स्वीडिश टीम, दोघांनी वेगवेगळं काम करून ते शोधलं आणि १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

आता स्किन प्रिक टेस्ट करतात ती ह्याच गोष्टीवर. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेशेजारी एकेका पदार्थाचा थेंब आणि त्या थेंबातून अगदी वरवर टोचणी, रक्तही येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटून गांधी उठवणाऱ्या रसायनाचा असतो, तो फुगलाच पाहिजे, आणि एक नुसत्या सलाइनचा, तो फुगता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं पोरानं न खाजवता बसायचं (हाच खरा कठीण भाग) आणि मग पट्टी लावून गांधी मोजायची. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगली तर पॉझिटिव्ह. खाजेची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारून पाचेक दिवस ते आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर हिस्टामिनचा थेंबही फुगत नाही आणि सगळी टेस्ट वाया जाते.

आणि एवढं करूनही पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी नाही हो! ही टेस्ट निगेटिव्ह आली तर ती बरीच विश्वासाची, पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कितीतरी जण तोच पदार्थ मजेत खात असतात. अंगात आयजीई आहे एवढंच त्यातून कळतं, खाल्ल्यावर काय होतं ते खाल्ल्यावरच कळतं. म्हणून जे खाऊन कधी काही झालंच नाही त्याची टेस्ट करायचीच नसते, आणि करून पॉझिटिव्ह आली म्हणून ते बंद तर अजिबात करायचं नसतं.

मग मुलीला काय झालंय? कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत महिनोन्‌महिने राहणारं कोरडं खाजरं पुरळ म्हणजे बहुधा एक्झिमा. त्याला मॉइश्चरायझर आणि औषधी मलम नीट लावायचं असतं, किती आणि कसं ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. खाणं परत सुरू करायचं, पण इथे एक सांभाळा. एक्झिमा असलेल्या मुलांना एखादा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला की अंगाची सवय मोडते आणि परत दिल्यावर कधीकधी खरीखुरी जोरदार रिॲक्शन येते, जी आधी कधीच नव्हती. तेव्हा दूध, अंडं, गहू आणि सोया ॲलर्जीच्या किंवा मुलांच्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुरू करा, पण भेट ह्याच आठवड्यात घ्या, पुढच्या महिन्यात नको. टोमॅटो आणि केळ्यासाठी थांबायचं का हेही त्यांना तिथेच विचारून टाका. वजन उतरलंय ते मला पुरळापेक्षा जास्त टोचतंय.

दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, कधी पळायला लागतं. दही मात्र चालतं. ही दुधाची ॲलर्जी का?

नाही. ह्याला मराठीत फार छान शब्द आहे, मानवत नाही. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम मोठेपणी कमी होतं, जगातल्या मोठ्या माणसांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांचं कमी-जास्त असंच आहे, म्हणजे तुम्ही बहुमतात आहात. दह्यात बॅक्टेरियांनी बरीचशी साखर खाल्लेली असते म्हणून ते चालतं. फरक ओळखायची सोपी खूण अशी की न मानवणं प्रमाणावर असतं, चहातलं दूध चालतं पण ग्लासभर नाही. ॲलर्जीला चमचाभरही पुरतो, त्यात नुसतं पोट नाही तर कातडी, ओठ, श्वास ह्यांच्यापैकी काहीतरी बहुतेक वेळा सामील असतं, आणि दही-चीजलाही सूट मिळत नाही.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंय की गहूही सोडून बघतोय, मग सीलिॲकची टेस्ट करीन. उलटं करा. सीलिॲक ही ॲलर्जी नाही, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रोटीनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं तो आजार आहे आणि गहू खात असतानाच त्याची ब्लड टेस्ट खरी येते. आधी सोडलंत तर निगेटिव्ह येऊन फसाल.

बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली. शेळीचं देऊ का? सगळे म्हणतात हलकं असतं.

नका देऊ. दोन्हीतली प्रोटीन्स इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ किंवा जास्त बाळांना शेळीच्या दुधानीही रिॲक्शन येते. अंगावर पाजत असाल तर तेच चालू ठेवा, नाहीतर अशा बाळांसाठी प्रोटीन तोडलेला वेगळा फॉर्म्युला मिळतो, तो डॉक्टर लिहून देतील.

माझी बायको ३४ वर्षांची. लहानपणापासून कोळंबी आवडीनी खायची. मागच्या महिन्यात खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले, गोळी दिली, उतरलं. परवा परत खाल्ली तर ओठ, अंगभर पित्त, खोकला आणि आवाज बसला. घरचे म्हणतात इतकी वर्षं चाललं तर आता ॲलर्जी कशी होईल, कोळंबीच शिळी असेल.

भाऊ, दहा मिनिटं लिहिलीत ते फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. एकाच पदार्थानी, दोन्ही वेळा, मिनिटांत, आणि दुसऱ्या वेळी जास्त. ही ॲलर्जी नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

"आधी चालायचं मग आता कसं" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, पण ॲलर्जी जन्मतःच असावी असा काही नियम नाही. शरीरानं ती वस्तू आधी ओळखून आयजीई तयार करून ठेवलेली असावी लागते, मगच पुढच्या वेळी भडका उडतो. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा अंगभर येणारा जीवघेणा झटका, हा शब्दच असा आला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनिमनीचं विष कुत्र्यांना थोडं थोडं देऊन सवय होते का बघत होते. पहिला डोस पचवलेल्या एका धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी थोडं दिलं, तर धाप लागून तो अर्ध्या तासाच्या आत गेला. सवय व्हायच्या ऐवजी उलटंच झालं होतं. १९१३ चं नोबेल रिशेंना ह्यावरच मिळालं. आणि कोळंबी, खेकडा ह्यांची ॲलर्जी तर मोठेपणी सुरू होणाऱ्यांतली अगदी नेहमीची.

शिळ्याचं म्हणाल तर शंका अगदीच चुकीची नाही, काही मासे नीट थंड न ठेवल्यानी त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते खाऊन हुबेहूब ॲलर्जीसारखं तोंड लाल होतं, पित्त उठतं. पण मग त्याच ताटातलं खाल्लेल्या बाकीच्यांनाही ते व्हायला हवं, आणि तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघांनी खाल्लं आणि तिलाच झालं. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन शिजवूनही मोडत नाही, म्हणून जास्त शिजवून बघू हा प्रयोग करू नका. माशांची ॲलर्जी ही वेगळी, मासे तिला चालत असतील तर चालतील, फक्त एकाच कढईत तळलेले नकोत. आणि कुणी म्हणेल कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, म्हणून सीटी स्कॅनची डाय चालणार नाही, तर तेही खरं नाही, ॲलर्जी प्रोटीनची असते.

आता महत्त्वाचं. आवाज बसणं, खोकला, धाप, घसा आवळणं, चक्कर, सारख्या उलट्या, ह्यातलं काहीही पित्ताच्या जोडीला आलं की तो ॲनाफिलॅक्सिस समजायचा आणि तिथे खाजेची गोळी पुरत नाही. ती गोळी पित्त उतरवते, घशाची सूज आणि पडलेलं बीपी तिला जमत नाही. परवा तुमचं नशीब चांगलं होतं. औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन (एपिनेफ्रिन म्हणजे तेच), मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत, वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५. इंजेक्शनचं तयार पेन मिळत असेल तर त्यात मोजायचं कामच नाही, कपड्यावरूनही देता येतं. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं. पेशंटला आडवं झोपवायचं, पाय उंच, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवायचं, पण उठून गाडीपर्यंत चालत नेऊ नका, अशा वेळी एकदम उभं केल्यानी माणसं गेलेली आहेत. बरं वाटलं तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. आणि अंगावर पित्त नाही म्हणजे ॲनाफिलॅक्सिस नाही असं धरू नका, दहातल्या एक-दोघांना ते उठतच नाही.

तोवर कोळंबी बंद, आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना हे पत्र लिहिलंत तसंच लिहून न्या.

मुलाला ताप-सर्दी होती, त्यात केळं खाल्लं, संध्याकाळी अंगभर पित्त, ते पाच दिवस येत-जात राहिलं. केळं कायमचं बंद का?

घड्याळ बघा. खाण्यामुळे उठलेलं पित्त काही तासांत, फार तर दिवसात संपतं. पाच दिवस एका केळ्यानी होत नाही. लहान मुलांत तापाबरोबर येणारं पित्त बहुतेक व्हायरसचं असतं, आणि बिचारं त्या दिवशीचं फळ उगाच बदनाम होतं. त्यानंतर दिलंत का केळं? त्याआधी खायचा ना? मग झालं.

मी आजी आहे. नात सहा महिन्यांची, तिच्या गालावर आणि हातापायांवर बराच एक्झिमा आहे. सून म्हणते डॉक्टरांनी शेंगदाण्याची पेस्ट आणि अंडं आत्ताच सुरू करू म्हटलंय. मी म्हणते तीन वर्षांची होईपर्यंत असलं काही नको, आमच्या धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. कोण बरोबर?

आजी, दोघीही, फक्त तुमचं बरोबर असण्याची मुदत संपली.

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनंच सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नका. २००८ मध्ये ते मागे घेतलं कारण त्याला पुरावाच सापडेना. त्याच वर्षी एक तुलना छापून आली, इंग्लंडमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. इंग्लंडमध्ये शेंगदाणे उशिरा देत, इस्रायलमध्ये पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ देत, आणि इंग्लंडमधल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट निघाली. मग लंडनमध्ये एक मोठी ट्रायल झाली, जोरदार एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, चार ते अकरा महिन्यांची. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला, टाळलेल्यांत शंभरात साधारण १७ मुलांना ॲलर्जी, खाल्लेल्यांत साधारण ३. इतका सरळ निकाल आमच्या क्षेत्रात क्वचित बघायला मिळतो.

कारण असं मानतात की तोंडातून आतड्यात गेलेल्या अन्नाशी शरीर दोस्ती करायला शिकतं, पण तेच अन्न भेगाळलेल्या, खाजऱ्या कातडीतून शिरलं तर शरीर त्याला शत्रू समजतं. घरात सगळे शेंगदाणे खातात, त्याच हातानी बाळाला मालिश होते, आणि पोटात मात्र त्याचा कण जात नाही, हा सगळ्यात वाईट योग. तेव्हा आजी, मालिश करायच्या आधी हात साबणानी धुवा, हे काम तुमच्याकडे.

पण सुनेलाही एक सांगा. एक्झिमा एवढा असेल तर पहिला घास घरी द्यायचा का आधी टेस्ट करून डॉक्टरांसमोर, हे त्यांना स्पष्ट विचारून घ्यायचं. अख्खा शेंगदाणा किंवा त्याचे तुकडे पाच वर्षांपर्यंत नाहीतच, श्वासनलिकेत अडकतात, गुळगुळीत पेस्ट पाण्यात किंवा दुधात पातळ करून चमच्याच्या टोकावर. बाळ बरं असताना द्या, सकाळी द्या म्हणजे पुढे दोन तास लक्ष ठेवता येतं. एका दिवशी एकच नवी गोष्ट. आणि एकदा चाललं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं, चाखवून सोडून द्यायचं नाही. आंबट फळ खाताना तोंडाभोवती जरा लाल झालं आणि अर्ध्या तासात गेलं तर घाबरू नका, ती रसाची चरचर असते. ओठ-डोळे सुजले, दूर पाठीवर-पोटावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर मात्र थांबायचं.

आमचा मुलगा आठ महिन्यांचा. ओट्सची लापशी दिली की दोन तासांनी उलट्या सुरू, सहा-सात, मग पांढराफटक पडून मलूल होतो. तीनदा ॲडमिट केलं. तिन्ही वेळा इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं. ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह आहे.

तुमच्या पत्रात तीन तारखा आहेत, तिन्ही वेळा ओट्स, तिन्ही वेळा दोन तास, आणि मधल्या दिवसांत बाळ ठणठणीत. इन्फेक्शन इतकं वक्तशीर नसतं. हे एफपीआयईएस असावं असं वाटतं, आतड्याची ॲलर्जी म्हणा. ह्यात आयजीई नसतं, म्हणून टेस्ट निगेटिव्ह येते, अंगावर एकही गांधी उठत नाही आणि त्रास मिनिटांत नाही तर एक ते चार तासांनी होतो. तान्ह्या बाळांत दूध, सोया, तांदूळ, ओट्स हे नेहमीचे दोषी, जे आपण "पचायला हलकं" म्हणून पहिलं देतो तेच. तिन्ही वेळा कुणाच्या डोक्यात आलं नाही ह्याचा राग येणं साहजिक आहे, पण ताप नसताना उलट्या आणि मलूल बाळ बघून डॉक्टर आधी इन्फेक्शनचीच भीती धरतात, त्यांना ओट्स कुणी सांगितले नसतील तर कळणार कसं. ओट्स बंद करा, तांदूळ आणि बाकी धान्यं कशी सुरू करायची ते ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानी ठरवा, आणि परत झालंच तर सलाइन लागू शकतं असं लिहिलेला कागद त्यांच्याकडून घेऊन पर्समध्ये ठेवा. बहुतेक मुलं शाळेत जाईपर्यंत ह्यातून बाहेर पडतात.

कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड आणि घसा खाजतो, शिजवलेलं चालतं. माझे मित्र हसतात.

हसू दे. झाडांच्या परागाची ॲलर्जी असलेल्यांत हे खूप दिसतं, बर्च नावाच्या झाडाच्या परागातलं एक प्रोटीन आणि सफरचंदातलं एक प्रोटीन जुळ्या भावांसारखी आहेत. शिजवलं की सफरचंदातलं मोडतं, म्हणून ते चालतं. खाज तोंडापुरती असेल तर फारसा धोका नसतो, तोंडाबाहेर गेली तर दाखवून घे.

हॉस्टेलमधल्या रूममेटला शेंगदाण्याची जोरदार ॲलर्जी आहे. मी पीनट बटर खाल्ल्यावर सॅनिटायझर लावते, पुरेल ना?

नाही पुरत. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रोटीन जागच्या जागीच राहतं, नुसत्या पाण्यानीही पूर्ण जात नाही. साबण आणि पाणी, नाहीतर वाइप्सनी पुसणं. तिचं पेन कुठल्या कप्प्यात असतं आणि कसं टोचायचं ते तिच्याकडून एकदा शिकून घे, विचारलंस ह्याचंच कौतुक.

पाकिटावर "अंश असू शकतात" लिहिलेलं नसेल तर बिनधास्त द्यायचं का?

नाही, कारण बऱ्याच देशांत तो इशारा ऐच्छिक असतो, लिहिला नाही म्हणजे अंश नाहीत असं होत नाही. घटकांची यादीच वाचायची, दर वेळी, ओळखीच्या पाकिटाचीही, कंपन्या न सांगता रेसिपी बदलतात. केसिन आणि व्हे म्हणजे दूध, अल्ब्युमिन बहुधा अंडं. कुठल्या गोष्टी ठळक लिहायच्या ते देशागणिक बदलतं, युरोपियन युनियनमध्ये १४, अमेरिकेत ९. त्यातला नववा तीळ, १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचा, आणि मग तिथल्या काही बेकऱ्यांनी काय केलं तर तिळाचे कण चुकून जाऊ नयेत म्हणून यंत्रं घासत बसण्यापेक्षा ब्रेडमध्ये तीळ मुद्दाम घालून पाकिटावर तसं छापून टाकलं! कायदा पाळला आणि तिळाची ॲलर्जी असलेल्यांचा ब्रेड गेला.

ही ॲलर्जी कधी जाते का?

दूध, अंडं, गहू, सोया ह्यांची बहुतेक मुलांत वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची, कोळंबीची सहसा नाही. दूध-अंड्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना केकमध्ये नीट भाजलेलं दूध-अंडं चालतं, पण ते डॉक्टरांसमोर तपासायचं, वाढदिवसाला नाही. औषधांत ओमॅलिझुमॅब ह्या इंजेक्शनला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ह्यासाठी परवानगी मिळाली, वयाच्या एक वर्षापासून पुढे. त्यानी ॲलर्जी जात नाही, चुकून खाल्लं गेलं तर झटका कमी बसतो, पथ्य तसंच.

तुम्ही सारखं "लिहून ठेवा" म्हणता. नेमकं काय लिहायचं?

एका पेशंटची वही दाखवते (त्यांना विचारून). पळायचा छंद असलेले गृहस्थ, वर्षभरात चारदा अंगभर पित्त, एकदा बेशुद्ध. ब्रेड रोज खायचे, काही व्हायचं नाही, म्हणून गव्हावर कुणाचाच संशय नव्हता. तिसऱ्या वेळेपासून त्यांनी लिहायला घेतलं. पानावर एवढंच होतं: "६.१० दोन ब्रेड, चहा. ७.०० पळायला. ७.२५ तळहात खाजले. ७.३५ पोटावर गांधी. ७.४० डोळ्यांपुढे अंधारी." पुढच्या पानावर: "ब्रेड खाल्ला, पळालो नाही, काही नाही." त्याखाली: "उपाशी पळालो, काही नाही." बास. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन नावाच्या प्रोटीनची ॲलर्जी, जी व्यायामाची जोड मिळाल्याशिवाय बाहेरच येत नाही. ब्लड टेस्ट नंतर केली, नुसती खात्री करायला. आता ते खाल्ल्यावर चार तास पळत नाहीत आणि पेन खिशात ठेवतात.

तर वेळ लिहायची, खाल्ल्याची आणि पहिल्या लक्षणाची, दोन्ही. किती खाल्लं, कच्चं का शिजवलेलं. त्या दिवशी व्यायाम, दारू, दुखण्यावरची गोळी, ताप, पाळी ह्यांपैकी काही होतं का, कारण ह्या सगळ्यांनी रिॲक्शन वाढते. गोचीड चावली होती का हेही, हसू नका, काही जातींच्या गोचिडी चावल्यावर लाल मांसाची ॲलर्जी होते आणि ती तीन ते सहा तासांनी, रात्री झोपेत उठते, त्यामुळे जेवणाशी तिचा संबंध कुणाला लागत नाही. नंतर तोच पदार्थ कधी चालला असेल तर तेही लिहा, ते तर सगळ्यात महत्त्वाचं. घरी परत खाऊन खात्री करायला मात्र जायचं नाही, ते काम दवाखान्यात, औषधं हाताशी ठेवून, थोडं थोडं वाढवत करतात. ह्या गृहस्थांचं नशीब बलवत्तर म्हणायचं.

आणि मोबाइलवर फोटो काढा, त्वचेच्या अगदी जवळून एक आणि जरा लांबून एक, शेजारी एखादं नाणं ठेवून. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पित्त उतरलेलं असतं आणि मग मला कोरा हात दाखवत "अहो डॉक्टर, खरंच एवढ्या मोठ्या गांधी होत्या" म्हणत बसावं लागतं.